टोरीचं तेल

त्या दिवशी दुपारी आपण दोघांनी मिळून तुहा लॅपटॉप उघडला. आपण सोबत केलेलं शेवटचं काम तेच. त्याच्यानंतर जेवलो, झोपलो, पण त्याले काम नाई म्हणत. भेटाले आलेले लोक विचारतात, शेवटी काय करत होती बाई? मी सांगतो, स्क्रू काढत होती. ते माह्या तोंडाकडं पाहातात. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं वाटत असन त्यांले. वाटू दे.

आंगणात मांडवाच्या सावलीत तू माहं पांढरं धोतर हातरलं होतं. मी म्हणलं, हे मी मार्कंड्याच्या जत्रेसाठी ठेवलं, गोणपाट घे. तू म्हणाली, गोणपाटात स्क्रू गेला तर जल्मभर सापडत नाई, पांढऱ्यावर काळा स्क्रू दिसते. मंग चश्मा लावला, पदर खोचला आन लॅपटॉप उलटा ठेवला. मासोळी साफ कराले घेतल्यावानी, पोट वर करून.

लहानसाच होता तो. सुपात मावन येवढा. आपली वनिता नागपूरले दवाखान्यात नर्स लागली, तिनं नवा घेतला आन हा जुना तुले देला. तिले वाटलं तू त्यावर फोटो पाहशील. पण तू त्यावर नाटकं टाइप कराले लागली. दिवाळी झाली का आपल्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात, तवा कंपनीवाल्यांले नाटक मोठ्या अक्षरात छापून लागते, पडद्याच्या बाजूनं उभं राहून वाचणाऱ्याले दिसलं पाहिजे म्हणून. लिहिणारा हातानं लिहून देत होता. चिखलात मासोळी तडफडते तसं त्याचं अक्षर. मले तर त्यातला एक शब्द लागत नव्हता, पण मी तिसरी शिकलेला. तू धाव्वी. तुले लागत होतं, आन जिथी लागत नव्हतं तिथी तू आपल्या मनानं टाकत होती. एका नाटकात तू हिरोचं अख्खं भाषण काढून टाकलं आन त्याच्या मायच्या तोंडी एकच वाक्य देलं. लिहिणारा घरी आला भांडाले. बाई, हे वाक्य माहं नाई म्हणे. तू त्याले चहा देला आन म्हणाली, राहू द्या, टाळी पडन. पडली टाळी. दुसऱ्या साली तो सगळं लिखाण तुह्याकडंच घेऊन आला आन वाक्याचं काई बोलला नाई.

पण मशीन थकली होती. तू अक्षर दाबलं का ते दिसाले चहा पिऊन होत होता. बॅटरी तर अशी झाली होती का वायर काढली का मेली. वनितानं सांगितलं, आई, नवी बॅटरी आन नवी रॅम टाक, पळन ते. तिनंच मागवून पाठवली, मी गोंडपिपरीहून पुडा घेऊन आलो. मले वाटलं आता चंद्रपूरले दुकानात नेऊ, तो टाकून देईन. तू म्हणाली, दुकानात नाई न्याचं, आपण टाकू.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. चार-पाच दिवस चाललं ते. मी म्हणत होतो, जे आपल्या हातचं नाई त्यात हात घालू नये. तू म्हणत होती, दुकानवाला ठेवून घेते, इकडं नाटकवाला रोज फोन करून राह्यला, सीझन अंगावर आला.

"तुमी डिझेल पंप उघडता, तवा दुकानात नेता काय?"

"पंप माह्या वळखीचा आहे."

"मंग याची वळख करून घ्या. याच्या मायनं काय नवस केला हाये, बाप्यानंच उघडला पायजे म्हून?"

मंग तू रोज सांजच्याले तळ्याच्या पाळीवर जाऊन व्हिडिओ पाहात बसली. पाळीशिवाय आपल्याकडं नेटवर्क नाई. मी बाजूला जाळं शिवत बसत होतो, मले दिसत नसलं तरी ऐकू येत होतं. त्यातला माणूस हिंदीत सांगत होता, पहले बैटरी निकालिए. तू तेवढंच मागं घेऊन घेऊन पाहात होती. शेवटी मलेच पाठ झालं.

एक गोष्ट मले आजही समजत नाई आन मी ती तुले तोंडावर बोललो होतो, आताही बोलतो. मशीनचं पोट उघडाले तुले भेव नव्हतं. स्वतःची छाती डॉक्टरले दाखवाले होतं. पाळ चढता चढता तू दोन डाव बसत होती. वनिता म्हणत होती नागपूरले ये, तपासू. तू म्हणे, सीझन झाल्यावर. मी म्हणलं, मशीन बिघडली तर दुसरी भेटन. तू म्हणाली, चालून राह्यलं ना, मंग काऊन उघडाचं? आन दुसऱ्या दिवशी लॅपटॉपबद्दल मले म्हणते, चालते म्हणून काय मरू द्याचं काय? दोन्ही गोष्टी तुह्याच तोंडच्या. मी तुले तेव्हा हे धरून दाखवलं नाई. धरून दाखवलं असतं तरी तू ऐकलं नसतं, हे मले माहीत आहे. पण धरून दाखवाले पाहिजे होतं. मले राग आहे तुहा. हा लेख राग जाण्यासाठी नाई लिहून राह्यलो. तो राहणार.

तर त्या दुपारी. स्क्रू सगळे निघाले. दोन स्क्रू मागच्या रबराच्या पायाखाली लपून होते, ते तू नखानं पाय उपटून काढले. प्रत्येक स्क्रू निघाला का तू तो धोतरावर त्याच्याच जागी ठेवत होती, जसा मशीनवर होता तसा. मांगचे लांब, पुढचे बुटके. मी म्हणलं, सगळे सारखेच तर आहेत. तू म्हणाली, जाळ्याच्या गोळ्या तुमी सारख्याच समजता काय?  जाळ्याच्या बुडाले लावतो त्या शिशाच्या गोळ्या सारख्या दिसतात, पण कडेची मधात लावली का जाळं वाकडं पडते.

झाकण मात्र निघत नव्हतं. व्हिडिओतला माणूस फटीत प्लास्टिकचं कार्ड घालत होता. तू म्हणाली, बॅंकेचं कार्ड आणता काय? मी म्हणलं, ते मोडलं तर पेन्शन कोण देईन. मंग मी उठून बांबूची एक कमची तासली. जाळं विणाची सुई तासतो तशी, एका बाजूनं पातळ, टोकाले गोल. ती फटीत घातली आन हळूहळू फिरवली. टक, टक, टक. तव्यावर लाह्या फुटाव्या तशी झाकणाची एक एक कडी सुटत गेली. एकही मोडली नाई. तू माह्याकडं पाह्यलं, मी ते पाहणं ठेवून घेतलं. त्या मशीनमधी मलेही काई येते, येवढंच मले पाहिजे होतं त्या घडीले.

आतमधी धूळ होती आन एक मेलेली झुरळाची पिल्ली होती. मी म्हणलं, तुह्या नाटकाची व्हिलन हीच. तू ती ब्रशनं काढली. मंग हात लावाच्या आधी उठून हापशीवर गेली आन तिचा दांडा धरून उभी राह्यली. व्हिडिओत सांगितलं होतं म्हणे, लोखंडाले हात लावा, अंगातला करंट उतरते, तुह्या अंगावर टेरीकॉटचं लुगडं होतं. मी हसलो. हापशीले नमस्कार करून राह्यली म्हणलं. बॅटरीची वायर तू काढली, जुनी बॅटरी काढली, पोटुशीवानी फुगली होती ती. नवी बसवली. सगळं बरोबर.

राह्यली रॅम. दोन बोटं रुंद हिरवी पट्टी, बुडाले सोन्यासारखे पिवळे दात. जुनी काढून तू बाजूले ठेवली आन तेवढ्यात चूल विझून राह्यली म्हणून आत गेली. मले म्हणाली, हात नका लाऊ, मी आली.

मी हात लावला. नवी पट्टी त्या फटीत तिरपी घालाची आन खाली दाबाची, हे मले तोंडपाठ होतं. घातली, पण ती जाईना. अडत होती. आता माह्या हातानं आजवर जे जे बसवलं, पंपाचा बेअरिंग, सायकलची चैन, दाराचा कब्जा, डोंग्याच्या वल्ह्याची कडी, त्याले मी टोरीचं तेल लावूनच बसवलं. टोरीचं, मोहाच्या बीचं, तेल घरात नसन असा एक दिवस गेला नाई आपला. डबी मांडवाच्या खांबालेच लटकली असते. बोट बुडवलं, पिवळ्या दातांवरून फिरवलं, थोडं त्या फटीतही सोडलं. पट्टी लोण्यासारखी आत गेली. मी चिमटे दाबले, टक झालं, आन मी बोट धोतराले पुसून बसून राह्यलो, जसं काई केलंच नाई.

तू आली, पाह्यलं, खूश झाली. मशीन सरळ करून बटन दाबलं. बारका दिवा लागला. पण स्क्रीन काळी. आपण वाट पाह्यली. काळीच. दिवा लुकलुक करून राह्यला होता, आणखी काई नाई. तू मशीन पुन्हा पोट वर करून ठेवली आन वाकली, आन मंग तुहं नाक थांबलं.

"टोरीचा वास कुठून येऊन राह्यला?"

मी बोट पुन्हा धोतराले पुसलं.

"अजी, तुमी याले तेल लावलं काय?"

"थोडंसं. बोटाले होतं तेवढं."

"मशीनले तेल नाई लावत."

"मशीनलेच लावतात. आनखी कोनाले लावतात?"

तू खाली बसली. कपाळाले हात लावला. मंग समजावून सांगाले लागली, जसं तू नाटकवाल्याले सांगत होती. म्हणाली, लोखंडाले लोखंड घासते तिथी लावा ना तुमी तेल. इथी कोनी कोनाले घासत नाई. इथी हे एकमेकाशी बोलतात. बोलाले कोरडं लागते.

"आपुन बोलतो तवा घासतेच," मी म्हणलं.

तुले हसू येत होतं, मले दिसलं. पण तू येऊ देलं नाई. पदरानं पट्टीचे दात पुसले, पुन्हा बसवली. काळी. मी म्हणलं, तेलानं आजपर्यंत कशाचं काई बिघडलं नाई, पट्टीच खोटी पाठवली कोणीतरी. मंग तू जुनी पट्टी लावली, जी सकाळपर्यंत चालत होती. तीही मुकी.

"आता दोन्ही खोट्या काय?"

 उत्तर नसलं का मी काय करतो तुले माहीत आहे. मी उठलो आन म्हणलं, मंग मशीनच मेली तुही. मेली ते मेली, आता काय करतं.

 तू धोतराच्या कडा उचलून मशीनवर, स्क्रूवर, सगळ्यावर झाकल्या आन ते तसंच उचलून घरात कोपऱ्यात ठेवलं. उद्या पाहू म्हणाली. सांजच्याले रोजच्यासारखी फोन घेऊन पाळीवर गेली. आली तवा मी जाळ्यात मान घालून होतो. मासोळीचं कालवण आन भात केला होता तू, वाढलं, आपण जेवलो. जास्त बोलणं झालं नाई. तू भिंतीकडं तोंड करून झोपली. तसं तू रोजच भिंतीकडं तोंड करून झोपत होती, खोकल्यापाई. पण मले ते आता धरून बसलं आहे. त्या दिवशी खोकल्यापाई होतं का रागापाई, हे मले कोणी सांगावं?

सकाळी चूल पेटली नाई म्हणून मी आवाज देला. पुढचं मी लिहीत नाई. ते लोकांनी पाह्यलं आहे.

नऊ दिवस घरात माणसंच माणसं. मशीन कोपऱ्यात तशीच, पोट उघडं, धोतराखाली. मी कोणाले हात लावू देला नाई आन मीही लावला नाई. पोरं खेळत आली का मी ओरडत होतो, तिकडं स्क्रू आहेत. नाटकवाला येऊन बसला एक दिवस. माणूस चांगला आहे. नाटकाचं काई विचारलं नाई त्यानं, तुह्याच गोष्टी करत होता, पण त्याची नजर दोन-तीनदा कोपऱ्यात गेली. अर्धं नाटक त्यातच आहे. मी म्हणलं, होईन. काय होईन, कसं होईन, मलेही माहीत नव्हतं.

रात्र कशीही जाते. मले दुपार जात नाई. दुपारी तू मले नाटक वाचून दाखवत होती, टाइप झालं तेवढं. मी जाळं शिवत ऐकत होतो आन नको तिथी हसत होतो. हिरॉइन रडते तिथी मले हसू येत होतं. तू चिडत होती, पण दुसऱ्या दिवशी पाहावं तर ते रडणं अर्धं करून टाकलेलं. कंपनीवाल्यांले वाटत होतं हे तुहं डोकं. अर्धं माहं हसणं होतं त्यात. हे मी कोणाले सांगितलं नाई, सांगून कोण पटवून घेतं. तुले माहीत होतं. तू मले एका मोठ्या अक्षराच्या कागदावरून वाचाले शिकवलं, साठी झाल्यावर. शाळेत जे झालं नाई ते त्या नाटकाच्या अक्षरांनी झालं. आता हा लेख मी लिहून राह्यलो, अडखळत का होईना, तो त्याच्याच भरवशावर.

दसव्याच्या दिवशी सकाळी माही मोठी बहीण, बाई, तुहं गाठोडं बांधाले बसली. आपल्यात मेलेल्या माणसाच्या वापरातलं नदीवर नेऊन गरजूले देतात, घरात ठेवत नाई. बाईनं तुही लुगडी घेतली, चपला, कंगवा, शाल. मी पाहात होतो. मंग ती कोपऱ्यात गेली, धोतर उचललं, मशीन उचलली आन शालीवर ठेवली. स्क्रू खाली सांडले.

मी म्हणलं, ते ठेव.

बाई म्हणाली, "अरे, जीव होता तिचा त्यात. जीवाची वस्तू घरात ठेऊ नये. आन बंद तर पडली हाये."

"बंद पडली नाई. तिले तेल लागलं हाये."

"काय लागलं?"

"तेल. मी लावलं."

बाई माह्याकडं पाहात राह्यली. तिले वाटलं मी भ्रमलो. मी मशीन तिच्या हातून घेतली. म्हणलं, बाई, ही आम्ही दोघांनी उघडली. बंद मीच करीन. मंग तू म्हणशील तिथी नेऊ. माहा आवाज मोठा झाला असन, कारण आतली माणसं बाहेर आली. बाई माह्याहून मोठी आहे, तिच्यापुढं मी कधी आवाज चढवला नाई. तिच्या डोळ्यात पाणी आलं. मले वाईट वाटलं, पण मशीन सोडली नाई.

वनिता दारात उभी होती. ती आली, खाली बसली आन धोतरावरचे स्क्रू गोळा कराले लागली. मले वाटलं रडून राह्यली. पाह्यलं तर हसत होती आन रडतही होती, दोन्ही.

म्हणाली, "बाबा, आईनं त्या संध्याकाळी मले फोनवर सांगितलं होतं."

"काय सांगितलं?"

"का तुमी रॅमले टोरीचं तेल लावलं. तिले बोलताच येत नव्हतं, येवढी हसून राह्यली होती. पाळीवरच्या लोकांनी काय म्हटलं असन, असं मले वाटलं."

मी विचारलं, हसत होती? वनिता म्हणाली, हो. मी पुन्हा विचारलं. पोरगी म्हणाली, बाबा, हसत होती म्हणलं ना. मंग तिनं मले उपाय सांगितला. पट्टीचे दात खोडरबरानं घासाचे, पोरं वहीवर वापरतात त्या रबरानं, तेल, मळ सगळा निघते. फट स्पिरिटनं पुसाची. ते तिनं तुले त्या संध्याकाळीच सांगितलं होतं. तू म्हणाली होती, उद्या मीच दुकानातून रबर आणते, त्यांले सांगू नको, नाईतर ते रबराच्या जागी वाळूनं घासतील.

नऊ दिवस ते वाक्य वनितापाशी होतं. मले सांगितलं तर लागन, असं तिले वाटलं होतं.

मी नदीवर गेलो, डोक्याचे केस काढले, जे कराचं ते केलं. वैनगंगेचं पाणी गार होतं. सगळा वेळ माह्या डोक्यात येवढंच होतं, का तू पाळीवर हसून आली होती आन घरात येऊन मले काई कळू देलं नाई. जेवताना गप होती ते राग नव्हता. मले आणखी थोडा वेळ तसंच राहू द्याचं होतं तुले. मजा घेत होती तू माही. मी त्या भातावर मान खाली घालून बसलो होतो आन तू समोर बसून मनात हसत होती. हे तुले शोभलं काय? मी विचारून राह्यलो. पण शिवी नाई देत.

घरी आल्यावर वनितानं आपल्या थैलीतून स्पिरिट आन कापूस काढून ठेवला. म्हणाली, मी करून देते बाबा, उजेड आहे तवरक. मी म्हणलं, नाई. सकाळी. मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भराच्या आधी मी दुकानात गेलो. दुकानवालीनं विचारलं, काय पाहिजे भाऊ? म्हणलं, खोडरबर. ती म्हणाली, वनिताचं पोरगं आलं काय? म्हणलं, नाई, मलेच पाहिजे. तिनं माह्या बोडक्या डोक्याकडं पाह्यलं आन दुसरं काई विचारलं नाई. पांढरं रबर देलं, चांगलं घट्ट.

घरी सगळे झोपले होते. मी साबणानं हात धुतले, दोनदा धुतले, कोरडे केले. ओट्यावर बसलो. नवी पट्टी कडेनं धरली आन रबर पिवळ्या दातांवरून फिरवलं, एकाच दिशेनं, जाळ्याच्या सुतावरचा गाळ काढतो तसं. रबराचा काळा काळा चुरा पडत गेला. येवढं तेल होतं. बोटाले होतं तेवढं म्हणलं होतं मी, खोटं होतं ते, भरपूर होतं. मंग कमचीच्या टोकाले कापूस गुंडाळला, स्पिरिट लावलं, फटीतून फिरवला, तो पिवळा होऊन आला. दुसरा घेतला. तिसरा पांढराच निघाला. स्पिरिट उडून जाईपर्यंत थांबलो. पट्टी तिरपी घातली. ती अडली, त्या दिवशी अडली तशीच. आता समजलं का ती अडतच असते, जोर लावाचा असते, तेल नाई. दाबली. दोन्हीकडून टक झालं.

झाकण नुसतं वर ठेवलं, स्क्रू लावले नाई, न जाणो पुन्हा उघडाले लागन. सरळ करून बटन दाबलं. दिवा लागला. स्क्रीन काळी. मी तिच्याकडं पाहात राह्यलो. मंग ती निळी झाली, आन आपल्या तळ्याचा फोटो आला, पाळीवरून काढलेला, आन खाली तुहं नाव. त्याच्या खाली शब्द टाकाची जागा. तो शब्द मले माहीत नाई. मले आत जाचंही नव्हतं. नाटक वनिता काढून देईन नाटकवाल्याले.

तू म्हणत होती ते बरोबर होतं. कोरडंच लागते. आता हे मी मान्य केलं, लिहूनही देलं, चार लोक वाचतील.

मंग मले ती बंद कराची होती, पण बंद कशी करतात ते मले येत नाई. उघडणं तू शिकवलं, बंद करणं राहून गेलं. बटन दाबून धरलं तर पुन्हा बिघडन असं वाटलं. वनिता गाढ झोपली होती, इतक्या दिवसांची दमलेली. तिले उठवलं नाई. मशीन ओट्यावर चालू राहू देली, तिच्या बाजूले बसलो आन धोतरावरचे स्क्रू लांब आन बुटके वेगवेगळे करत राह्यलो.